ओळखीशिवाय सलाईन नाही

रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक माणसाला शीर असते, ओळख मात्र प्रत्येकाला असतेच असे नाही. हे मी गमतीने म्हणत नाही. मी पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात नोकरीला आहे आणि आमच्या विभागात गंमत करायला वरिष्ठांची परवानगी लागते.

प्रसंग साधा होता. माझे सासरे कुंपणाची सैल झालेली तार ओढायला गेले आणि पोटरीला ओरखडा घेऊन आले. ओरखडा एवढासा. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. हा माणूस आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करत आला. ज्याची टिकटिक चालू आहे ते सगळे ठीक आहे, अशी त्यांची समजूत. पाय लाल झाला, मग सुजला, मग पायजम्यात जाईना, आणि अंगात सणसणून ताप भरला तेव्हा कुठे ते म्हणाले, "जरा जड वाटतंय." मी आणि बायकोने त्यांना उचलून गाडीत घातले आणि एका धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, खिशातले पेन काढले आणि लाली जिथवर चढली होती तिथे पोटरीभोवती एक निळी रेघ मारली. म्हणाले, "जंतू आत शिरलेत. गोळ्यांनी भागणार नाही. शिरेतून औषध द्यायचं आणि तेही ताबडतोब. लाली या रेघेच्या वर गेली तर पाय अवघड होऊन बसेल." बायकोचा चेहरा पांढरा पडला. त्या क्षणापासून ती त्या रेघेकडे पाहत बसली ती बसलीच. सासऱ्यांच्या हातात सुई बसवून, वर पट्टी चिकटवून आम्हाला वॉर्डात खाट मिळाली.

खाटेच्या वर भिंतीवर नवा कोरा फलक होता. "ओळख पटल्याशिवाय कोणत्याही रुग्णास शिरेवाटे औषध अथवा सलाईन दिले जाणार नाही. आदेशावरून." तो वाचून त्या संस्थेबद्दल माझ्या मनात एकदम आदर उत्पन्न झाला. ओळखीशिवाय काम होत नाही ही गोष्ट सगळीकडेच आहे, पण भिंतीवर स्वच्छ अक्षरात लिहून लावण्याचा प्रामाणिकपणा मी प्रथमच पाहत होतो. आमच्या खात्यात हेच आम्ही नुसते चेहऱ्यावर लिहून बसतो.

बायको खालून बाकीची औषधे आणायला गेली आणि थोड्या वेळात सिस्टर आली. तिच्या अंगात लाल एप्रन होता आणि त्यावर लिहिले होते, "मी औषध तयार करत आहे, माझ्याशी बोलू नका." वॉर्डातले लोक हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवत आणि मग "म्हणजे किती वेळ?" असे विचारत. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये भरलेली सिरिंज होती, बाटली होती, कापूस होता. ट्रे ठेवून ती सासऱ्यांवर वाकली.

"आजोबा, ओळख पटवायचीय. सांगा बघू."

सासऱ्यांनी तापाने जड झालेले डोळे उघडले. खोटे बोलणे त्यांना जन्मात जमलेले नाही. ते म्हणाले, "माझी इथं कुणाशीच ओळख नाही, बाई."

मी कपाळाला हात लावला. अशी माणसे घरात असली म्हणजे घराचे काय होणार? "थांबा थांबा," मी मध्ये पडलो. "त्यांचं मनावर घेऊ नका, सिस्टर. तापात बरळतायत. ओळख आहे. भरपूर आहे. मी जावई आहे ना यांचा."

"अहो, मला फक्त नाव हवंय."

"नावच सांगतो. असं नाव सांगतो की तुम्ही उठून उभ्या राहाल."

"मी उभीच आहे," सिस्टर म्हणाली. "पूर्ण नाव आणि जन्मतारीख."

मी चाट पडलो. ज्याची ओळख सांगायची त्याची जन्मतारीखसुद्धा विचारतात. म्हणजे कोणीही उठावे आणि कोणाचेही नाव घेऊन सलाईन लावून जावे, असला भोंगळ कारभार इथे नव्हता. मी म्हणालो, "एवढा बंदोबस्त असेल असं वाटलं नव्हतं. आत्ता विचारून सांगतो," आणि फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेलो.

माझ्या ओळखी सगळ्या पाण्यातून आलेल्या आहेत. माणूस कितीही मोठा असला तरी त्याच्या घरी एक मीटर असतोच आणि तो मीटर किती वेगाने फिरावा याबद्दल त्याची काही मते असतात. त्या मतांचा मी मान राखतो, एवढेच. प्रथम मी आमच्या भागातल्या नगरसेवकांच्या सहायकाला फोन लावला. साहेबांचा वाढदिवस त्याला तोंडपाठ होता, पण जन्मसाल म्हणे साहेबांनी अजून जाहीर केलेले नव्हते. "त्यापेक्षा मीच वॉर्डात फोन करून सांगतो," तो म्हणाला.

मी आत आलो तेव्हा सिस्टर पुन्हा सासऱ्यांवर वाकली होती आणि सासरे काही तरी सांगायला तोंड उघडत होते. तेवढ्यात वॉर्डाचा फोन खणखणला. वॉर्डात दुसरी सिस्टर नव्हती, म्हणून तिलाच जावे लागले. तिचे बोलणे मला ऐकू येत होते.

"कोणाकडे लक्ष द्यायचं?... आपल्या माणसाकडे म्हणजे कोणाकडे?... अहो, नाव काय पेशंटचं?... साहेबांचा माणूस हे नाव नाही."

ती परत आली, ट्रेमधली भरलेली सिरिंज उचलून तिने डब्यात टाकून दिली आणि औषधांच्या टेबलाकडे वळली.

"हे काय?" मी विचारले. "फोन आला ना आमचा?"

"आला म्हणूनच. तयार केलेलं औषध सोडून मी दुसरीकडे गेले, माझं लक्ष उडालं. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून. नियम आहे."

मी समजायचे ते समजलो. नगरसेवक कमी पडला होता.

माझ्या ठेवणीतली खरी ओळख म्हणजे या न्यासाचे अध्यक्ष. त्यांच्या बंगल्याला बाग आहे, बागेत कारंजे आहे, आणि तरीही त्यांचा मीटर कित्येक वर्षे एखाद्या विरक्त माणसासारखा बसून आहे. त्या विरक्तीमागे कोण आहे हे अध्यक्षांना ठाऊक आहे. फोन लावल्याबरोबर ते म्हणाले, "अहो, आधी नाही का सांगायचं? आत्ता अधीक्षकांना सांगतो." अध्यक्षांनी अधीक्षकांना सांगितले. अधीक्षकांनी इन्चार्ज सिस्टरना सांगितले. इन्चार्ज सिस्टर धावत वॉर्डात आल्या तेव्हा आमची सिस्टर नुकतेच औषध भरून लेबल वाचत होती. इन्चार्ज तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ते अध्यक्षांचे कोण ते कुठे आहेत?" लेबल वाचायचे राहिले. दुसरीही सिरिंज डब्यात गेली.

याच वेळी बायको औषधे घेऊन वर आली. सासऱ्यांनी तिला काय घडले ते दोन वाक्यांत सांगितले असावे, कारण ती तरातरा माझ्याकडे आली.

"अहो, ती बाबांचं नाव विचारतेय. बाबांचं. औषध दुसऱ्याला जाऊ नये म्हणून."

"बाबांचं नाव सांगून काय होणार?" मी शांतपणे म्हणालो. "बाबांना ओळखतं कोण?"

तिने सासऱ्यांच्या पायावरची चादर बाजूला केली. लाली रेघेला येऊन टेकली होती.

सासऱ्यांवर माझा जीव आहे. लग्नात मला मिळालेले घड्याळ पहिल्याच महिन्यात मी पाण्यात पाडले होते, तेव्हा या माणसाने कोणाला न सांगता ते उघडून, वाळवून, रातोरात चालू करून माझ्या उशाशी ठेवले होते. अशा माणसासाठी हातावर हात ठेवून बसणारा मी नव्हे. मी आणखी फोन लावले.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. जुलाबांनी त्यांच्या अंगातले पाणी गेले होते आणि त्यांना सकाळपासून सलाईन चालू होते. मास्तरांच्या मुलाला घरी जायची घाई होती. बाटली लवकर संपली की सुटीही लवकर मिळते, या हिशेबाने त्याने नळीवरचे चाक फिरवून धार पुरी सोडून दिली. सिस्टरने ते पाहिले आणि धावत येऊन चाक पुन्हा कमी केले. "हा नळ नाही. एवढ्या वेगानं गेलं तर म्हाताऱ्या माणसाच्या छातीत पाणी साठतं, श्वास कोंडतो," ती म्हणाली. मी पाणीपुरवठ्यातला माणूस या नात्याने मुलाची बाजू घेतली. दाब आणि नळीचा व्यास यांचे नाते मी त्याला समजावून सांगत होतो, पण सिस्टरने ते चाक आपल्या मुठीतच धरून ठेवले. शिक्षण कमी पडले की माणूस असा अडून बसतो.

मास्तरांचा मुलगा माझ्यावर खूश झाला. "काका, तुमचे फोन मी ऐकतोय. इथं असंच असतं का?"

"फलक वाचला नाहीस का?"

त्याने फलक वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. "माझ्या मावसभावाचा साडू अधीक्षकांच्या घरी रंगकाम करतो," तो म्हणाला, आणि त्यानेही फोन काढला. त्याचे पाहून पलीकडच्या खाटेवरच्या बाईच्या दिराने काढला. दुपारपर्यंत सगळा वॉर्ड फोनवर होता. ज्याला कोणाची ओळख नव्हती तो ज्याला होती त्याच्याशी ओळख करून घेत होता. वॉर्डाचा फोन ठेवला की वाजत होता, ठेवला की वाजत होता, आणि प्रत्येक फोनगणिक एक सिरिंज डब्यात पडत होती. औषध कोणालाच मिळत नव्हते, पण प्रत्येकाच्या माणसाकडे लक्ष ठेवायला मात्र कोणी ना कोणी सांगून ठेवले होते.

व्यवस्थापनाने या परिस्थितीची गंभीर दखल घेतली. एवढ्या ओळखी एकाच वेळी आल्या तर त्यांतली खरी कोणती आणि पोकळ कोणती हे सिस्टरला कसे कळणार? तातडीची बैठक झाली, चहा झाला आणि खालच्या मजल्यावर, जिथे मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवत, तिथे "ओळख कक्ष" उघडण्यात आला. चाकांच्या खुर्च्या सांभाळणाऱ्या गृहस्थांनाच ओळख अधिकारी नेमले, कारण ती खोली त्यांच्या ओळखीची होती.

रांगेत माझा नंबर जवळ आला तेव्हा माझ्या पुढे एक म्हातारे आजोबा होते. अधिकाऱ्यांनी त्यांना विचारले, "ओळख कुणाची?"

"लिफ्टवाल्या पोराची. येता-जाता हसतो माझ्याकडे."

"ही तोंडओळख झाली. तोंडओळख असणाऱ्यांना औषध तोंडानंच. गोळ्या घ्या. पुढचा."

"मला डॉक्टरांनी सलाईन सांगितलंय हो."

"डॉक्टरांशी ओळख आहे?"

"आजच झाली."

"मग जुजबी आहे. जुजबीला आम्ही कापूस लावून देतो, सुई नाही." आजोबांच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारले की आपली ओळख थेट नसून ओळखीच्या ओळखीची आहे, तर काय मिळेल? अधिकाऱ्यांनी नियम पाहिला. अशा रुग्णाच्या खाटेशी बाटली टांगली जाईल, नळी जोडली जाणार नाही, असे निघाले. बाईचे समाधान झालेले दिसले. निदान बाटली तरी दिसेल, ती म्हणाली.

मग माझी पाळी आली. मी जरा खाकरून म्हणालो, "अध्यक्ष. न्यासाचे."

अधिकारी अर्धवट उठले. "दांडगी ओळख. बसा, बसा. अध्यक्षांना कोण ओळखतं, तुम्ही की पेशंट?"

"मी."

"मग हात पुढे करा." त्यांनी एक गुलाबी पट्टी काढली, तीवर "अध्यक्षांचा माणूस" असे लिहिले आणि माझ्या मनगटाला बांधायला घेतली.

"अहो, आजारी माझे सासरे आहेत."

"आजाराचा इथे प्रश्न येत नाही. हा ओळख कक्ष आहे, आजारासाठी वरचा मजला. शिवाय तुमच्या सासऱ्यांनी सिस्टरसमोर स्वतः कबूल केलंय की त्यांची इथं कुणाशीच ओळख नाही. हे वॉर्डातून कळवलेलं आहे. ज्याची ओळखच नाही त्याच्या शिरेत आम्ही काही घालायचं आणि उद्या काही झालं तर?"

विचार केला, तर त्यांचे बरोबर होते. ओळख माझी होती. ती मी मीटरमीटरने कमावली होती. आता पट्टी नाकारणे म्हणजे अध्यक्षांचा अपमान. आणि माझ्या खाटेशी बाटली लागली की ती घरातल्या घरात पुढे सरकवता येईल, असेही मनात आले. मी पट्टी बांधून घेतली.

वॉर्डात माझ्या आधी आदेश पोचला होता. सासऱ्यांना उठवून शेजारच्या स्टुलावर बसवले होते आणि त्यांच्या खाटेवर स्वच्छ चादर घातली होती. मी आडवा झालो. सासऱ्यांनी माझ्या पायांवर पांघरूण ओढले.

"बरं वाटतंय का, जावईबापू?" त्यांनी विचारले. त्यांना थंडी वाजत होती, दातांवर दात आपटत होते.

"ठीक आहे, बाबा. तुम्ही काळजी करू नका," मी म्हणालो.

तेवढ्यात खुद्द अधीक्षक आले. मागे इन्चार्ज, तिच्या मागे दोन डॉक्टर, त्यांच्या मागे फोटो काढणारा. अधीक्षकांनी माझी नाडी धरली आणि ती ठणठणीत लागल्याबद्दल आनंद व्यक्त केला. "आमच्या संस्थेत ओळख पटवल्याशिवाय आम्ही थेंबही देत नाही," ते डॉक्टरांना म्हणाले. फोटोवाल्याने सासऱ्यांना जरा बाजूला व्हायला सांगितले. "आजोबा, पेशंटवर सावली पडतेय." सासरे स्टूल घेऊन सरकले. सरकताना त्यांनी पाय टेकला आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघाले.

मंडळी गेली आणि बायकोने वाकून सासऱ्यांचा पाय पाहिला. लाली रेघ ओलांडून गुडघ्याकडे निघाली होती. ती रडायला लागली. आवाज न करता रडत होती, आणि ते बघवत नाही.

"उठा त्या खाटेवरून," ती म्हणाली. "माझ्या बापाचा पाय जाईल आणि तुम्ही पट्टी बांधून झोपलाय. लाज वाटू द्या."

"अगं, अधीक्षक आत्ताच गेलेत. लगेच उठलो तर काय दिसेल?" मी म्हणालो. आता एकच उपाय दिसत होता. मंत्री. मंत्र्यांच्या मेहुण्याच्या लॉंड्रीचा मीटर माझ्याच यादीत होता. मी आडव्या अंगाने फोन लावला.

फोन लागेना. पुन्हा लावला, लागेना. मास्तरांच्या मुलाचाही लागत नव्हता. दिराचाही नव्हता. वॉर्डाचा फोन उचलून पाहिला तर तोही मुका. एवढ्या ओळखी एकाच वेळी एकमेकींना शोधत होत्या की सगळ्या वाटा तुंबून गेल्या होत्या. आमच्या खात्यात उन्हाळ्यात असे होते. सगळे एकदम पंप लावतात आणि कोणालाच पाणी चढत नाही. वॉर्डात पहिल्यांदाच शांतता झाली.

त्या शांततेत औषधांच्या टेबलापाशी सिस्टर उभी होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हते. तिने बाटली घेतली, लेबल वाचले, औषध भरले, पुन्हा वाचले. इन्चार्जला जवळ बोलावून तिच्याकडूनही वाचून घेतले. मग ट्रे घेऊन ती सरळ आमच्या खाटेशी आली. मी हात पुढे केला आणि पट्टी दिसेल अशी फिरवली.

"पूर्ण नाव?" ती म्हणाली.

"अध्यक्षांचं ना? लिहून घ्या."

"तुमचं."

मी सांगितले. दिवसभर इतकी मोठमोठी नावे घेतली होती की माझे स्वतःचे नाव फार आखूड वाटले. मग तिने जन्मतारीख विचारली, तीही सांगितली. तिने बाटलीवरचे लेबल पाहिले आणि मान हलवली.

"जुळत नाही. हे औषध तुमचं नाही." ती स्टुलाकडे वळली. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव?"

सासऱ्यांनी सांगितले. जन्मतारीखही सांगितली. "वारही सांगू का?" त्यांनी विचारले.

"वार नको. कुठल्या औषधानं अंगावर गांधी, खाज, दम असं काही कधी झालंय?"

"नाही, बाई."

तिने स्टुलावरच त्यांचा हात आपल्या हातात घेतला. सुईभोवती सूज नाही ना ते दाबून पाहिले, आधी थोडे नुसते सलाईन ढकलून शीर मोकळी असल्याची खात्री केली, नळीतली हवा काढली आणि मग चाक हळूच सोडून, आपल्या घड्याळाकडे पाहत थेंब मोजायला लागली. सगळे मिळून चहा गार व्हायलाही पुरणार नाही इतकाच वेळ लागला. बायको भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

एवढ्यात ओळख अधिकारी धापा टाकत वर आले. खाटेवरचा माणूस कोरडा आणि स्टुलावरच्या माणसाला सलाईन, हे पाहून ते हबकले.

"सिस्टर, हे काय चाललंय? यांना इथं ओळखतं कोण?"

सिस्टरचे थेंब मोजून झाले नव्हते. ते होईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "मी. आत्ताच झाली ओळख."

अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला. रुग्णालयाच्या सेवेतल्या व्यक्तीशी प्रत्यक्ष ओळख. नियमात बसत होते. "मग हे आधी का नाही सांगितलं?" असे म्हणून त्यांनी सासऱ्यांनाही एक पट्टी बांधली आणि ते खाली गेले. मी खाटेवरून उठलो आणि सासऱ्यांना झोपायला हात दिला. माझ्यावर रागावणे त्यांना जमले नाही. म्हणाले, "तुम्ही फार धावपळ केलीत."

लाली त्या दिवशी तिथेच थांबली, मग हळूहळू खाली उतरली. आठवड्याभरात सासरे स्वतःच्या पायाने जिना उतरून घरी आले. बायको अजून माझ्याशी कामापुरतेच बोलते. तिचे म्हणणे असे की ओळखीमुळे उशीर झाला. माझे म्हणणे असे की ओळखी इतक्या लावल्या म्हणून फोन तुंबले, फोन तुंबले म्हणून सिस्टरला कोणी छेडले नाही, आणि तिला कोणी छेडले नाही म्हणून औषध मिळाले. म्हणजे शेवटी ओळखीनेच काम झाले. यावर ती उठून आत जाते.

ही हकीकत मी हल्ली पुष्कळांना सांगतो. कार्यालयात सांगतो, शेजारी सांगतो, लग्नकार्यात पंगतीला बसल्या बसल्या सांगतो. लोक पोट धरधरून हसतात. तोंडओळखीला तर काही जणांना ठसका लागतो. "काय एकेक व्यवस्था आहेत," म्हणतात, "लोकांना ओळखीशिवाय काही सुचतच नाही," म्हणतात. डोळे पुसून होतात, पाणी पिऊन होते. मग त्यांच्यातला एकेक जण हळूच मला कोपऱ्यात घेतो आणि आवाज खाली आणतो.

"ती सिस्टर अजून तिथंच आहे का हो? जरा ओळख करून द्याल? आईला दाखल करायचंय. कोणी तरी आपलं माणूस असलेलं बरं."

मी कोणाला नाही म्हणत नाही. सर्वांना नंबर देतो. सगळे तिला फोन करतात, आणि ती घेते बिचारी, कारण इन्चार्जने तिला घ्यायला सांगितले आहे. तुम्हीही मघापासून तेच विचारायचे योजत आहात. हसून झाले असेल तर संकोच करू नका, कागद-पेन्सिल घ्या, देतो. वेळ कोणतीही चालेल. तुम्ही फोन कराल तेव्हा ती कोणाचे तरी औषध भरत असेल, ते टाकून देईल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करील. ते औषध तुमच्याच आईचे असले, तर आईला म्हणावे जरा कळ काढ, तुझ्यासाठीच फोन चालू आहे.